कुत्र्याचे पिल्लू घरी येण्याआधी आणि आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे
(प्रशिक्षण वर्गासाठी नाव नोंदवलेल्या घरांसाठी माहितीपत्रक)

वर्ग सुरू व्हायला अजून अवकाश आहे, पण पिल्लाचे शिकणे त्यासाठी थांबत नाही. शू कुठे करायची, हात चावला की काय होते, रडले की कोण येते, हे सगळे ते आल्या दिवसापासून टिपत असते. घरातल्या प्रत्येकाकडून त्याला एकच उत्तर मिळाले तर वर्गातले काम खूप सोपे होते. म्हणून हे पत्रक पिल्लू येण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून वाचावे, ही आमची मनापासून विनंती.

आणण्याचा दिवस

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नका. जबड्याचा जोर आवरण्याचे पहिले धडे ते आईकडून आणि भावंडांकडून घेते. लवकर आणलेली पिल्ले चावण्याच्या बाबतीत जास्त त्रास देतात.

देणाऱ्याकडून तीन गोष्टी मागून घ्या: लसी व जंतनाशकाची लेखी नोंद, सध्या चालू असलेले खाणे निदान दहा दिवस पुरेल इतके, आणि आईच्या अंथरुणातले एखादे कापड. खाणे पहिल्याच दिवशी बदलू नका. घरही नवे आणि खाणेही नवे, अशात जुलाब लागले तर ते खाण्यामुळे की आजारामुळे, हे कळत नाही. पिल्लू रुळल्यावर सात ते दहा दिवसांत बदल करा: आधी पाव भाग नवे, मग अर्धे, मग पाऊण. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा.

शक्यतो सकाळी आणा, म्हणजे पहिली रात्र येण्याआधी घर ओळखायला सबंध दिवस मिळतो. निघण्याआधीचे दोन तास भरपेट खायला देऊ नका, गाडीत उलटी होते. पोहोचल्यावर घरात शिरण्याआधी शू-शीच्या जागेवर न्या. पहिले दोन-तीन दिवस पाहुणे नकोत.

आदल्या दिवशी गुडघ्यांवर रांगत एकदा घरभर फिरा, पिल्लाच्या उंचीवरून धोके दिसतात. विजेच्या वायरी, चपला, डांबराच्या गोळ्या, उंदराचे औषध उचला. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंग गम कुत्र्याला विषारी आहेत. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनही तसेच, त्यामुळे औषधांची पिशवी खुर्चीवर ठेवू नका. कण्हेर किंवा सायकसची कुंडी असेल तर ती त्याच्या आवाक्याबाहेर न्या.

क्रेट (पिल्लाला झोपायचा दार असलेला पिंजरा) घेणार असाल तर पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढाच हवा. मोठा घेतला तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात शू करते, म्हणून मोठ्या क्रेटला आत आडोसा लावा. पहिल्या काही रात्री क्रेट तुमच्या बिछान्याशेजारीच असावा. एकटे दुसऱ्या खोलीत रडू दिल्याने पिल्लू धीट होत नाही, त्याला रात्रीची धास्ती बसते.

नाव

पिल्लू येईल त्या दिवसापर्यंत एक नाव पक्के करा. कागदावर कितीही लांबलचक चालेल, हाकेचे नाव मात्र दोन अक्षरी असावे. क, ट, ड, प असा ठसठशीत उच्चाराचा वर्ण सुरुवातीला असला की ते गोंगाटातही वेगळे ऐकू जाते. ठरवलेले नाव दुसऱ्या खोलीतून मोठ्याने दहा वेळा पुकारून पाहा. जीभ अडखळली तर बदला, आता बदलणे सोपे आहे.

ते आज्ञेच्या शब्दांजवळ जाणारे नसावे. 'निको' आणि 'नको', 'बॉस' आणि 'बस' यांतला फरक पिल्लाला घाईत कळत नाही. घरातल्या माणसाच्या नावाशी यमक जुळणारेही टाळा. घरात मिनू असेल तर पिल्लाला चिनू नको. मुलीला मारलेली हाक आणि तिला घातलेले रागे, दोन्ही पिल्लाच्या कानी जातात.

आमच्या पद्धतीत नावाचा अर्थ एकच: 'माझ्याकडे बघ.' 'इकडे ये' नाही, 'ते सोड' नाही. शिकवायचे असे: शांत खोलीत पिल्लाजवळ बसा, नाव एकदाच उच्चारा, मान वळली की लगेच 'शाब्बास' म्हणा आणि खाऊ द्या. वळणे आणि खाऊ यांत एक-दोन सेकंदांहून जास्त अंतर नको. एका बैठकीत पाच-सहा वेळा, दिवसातून तीन-चार बैठका. पाहिले नाही तर नाव पुन्हा उच्चारू नका, जवळ जाऊन जिभेने टक् असा आवाज काढा. दहादा पुकारलेले नाव पिल्लाला पंख्याच्या घरघरीसारखे होते, त्याकडे लक्ष देण्याचे त्याला कारण उरत नाही.

दोन चुका जवळपास प्रत्येक घरात दिसतात. पहिली, रागावताना नाव घेणे. 'टिपू! काय केलंस हे!' असे चार वेळा झाले की नाव ऐकून पिल्लू पलंगाखाली जाते. नाव घ्याल तेव्हा पुढे चांगलेच काही घडले पाहिजे. दुसरी चूक म्हणजे आठवडाभरात नावाची बबड्या, पिल्लू, शोनू अशी पाच रूपे होणे. लाड करताना काहीही म्हणा, पण पहिले दोन आठवडे लक्ष वेधायला ठरलेलेच नाव वापरा.

आज्ञेचे शब्दही आत्ताच ठरवा. एक जण 'बस', दुसरा 'बैस' आणि तिसरा 'सिट' म्हणत असेल तर पिल्लासाठी ते तीन निरनिराळे शब्द आहेत. 'बस'बद्दल मराठी घरांना खास सांगावेसे वाटते: हा शब्द आपण 'पुरे' या अर्थानेही वापरतो. पिल्लू अंगावर उड्या मारत असताना 'बस, बस झालं' म्हटले की आज्ञा नुसतीच हवेत जाते आणि पिल्लू ती न पाळायला शिकते. अशा वेळी 'पुरे' म्हणा. वर्गात आम्ही बस, ये, थांब, सोड आणि जागेवर हे पाच शब्द वापरतो. तुमचे वेगळे असले तर हरकत नाही, ते कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

शू आणि शी

शू धरून ठेवण्याचा ढोबळ हिशेब असा: वयाचे महिने अधिक एक, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपेत. जागे असताना बाहेर न्यायच्या वेळा ठरलेल्या आहेत: उठल्या उठल्या, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ चालू असताना दर वीस मिनिटांनी आणि झोपण्याआधी. पहिले दोन आठवडे रात्रीही एक-दोनदा उठावे लागेल.

दोरी लावून रोज त्याच जागी न्या आणि पाच मिनिटे गप्प उभे राहा. तुम्ही बोलत राहिलात तर ते खेळायला लागते. काम झाले की तिथेच खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर तो घरात आल्याबद्दल मिळाला असे पिल्लू समजते. लगेच आतही आणू नका, नाहीतर शू केली की फिरणे संपते हे ते ओळखते आणि रोखून धरते; दोन मिनिटे खेळवा. काहीच केले नाही तर आत आणून दहा मिनिटे मांडीवर किंवा क्रेटमध्ये ठेवा आणि पुन्हा न्या. नेमक्या याच दहा मिनिटांत मोकळे सोडल्यामुळे गालिचे भिजतात.

घरात करताना दिसले तर हळूच उचलून बाहेर न्या. नंतर सापडले तर फक्त पुसा. नाक घासणे, ओरडणे यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसांसमोर शू करणे धोक्याचे, आणि मग ते सोफ्यामागे जाते. 'त्याला चूक कळलेली असते, चेहराच सांगतो,' असे अनेकांना वाटते. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हे तपासले, तेव्हा तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो उमटत होता.

पुसायला एन्झाइमयुक्त क्लीनर (लघवीतले वासाचे घटक मोडून टाकणारा) वापरा. अमोनिया असलेले द्रावण नको, त्याचा वास लघवीशी जुळतो. लादी आपल्याला स्वच्छ वाटली तरी पिल्लाच्या नाकाला ती जागा सापडते.

चावणे

चावणार ते नक्कीच. २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. हात झटकन मागे घेऊ नका, त्याला तो पाठलागाचा खेळ वाटतो. हात स्थिर ठेवून तोंडासमोर खेळणे धरा. पुन्हा चावले तर काही न बोलता उठून अर्धा मिनिट दूर व्हा. तोंड दाबून धरू नका, त्याने हातांचीच भीती बसते. संध्याकाळी पिल्लू पिसाटल्यासारखे चावू लागले तर बहुधा त्याची झोप झालेली नसते. या वयात दिवसाला १८ ते २० तास झोप लागते आणि मुले असलेल्या घरात ती हमखास मोडते.

लस आणि बाहेरचे जग

इथे दोन घड्याळे एकमेकांविरुद्ध चालतात. नव्या गोष्टी न बिचकता स्वीकारण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो, आणि लसींची मालिका सोळा आठवड्यांपर्यंत चालते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) लसीला अडवतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा) विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. म्हणून अनोळखी कुत्री वावरतात तिथे पिल्लाला जमिनीवर ठेवू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन न्या. छत्री, टोपी, दाढी, काठी, सायकल, लहान मुले, रहदारीचे आवाज लांबून दाखवा आणि प्रत्येक नव्या गोष्टीसोबत खाऊ द्या. खाऊ नाकारला तर अंतर कमी पडले असे समजा आणि मागे या. घरात रोज एक मिनिट पंजे, कान आणि ओठ हाताळा, पुढे नखे कापताना आणि तपासणीच्या वेळी हेच उपयोगी पडते.

एकटे राहण्याची सवयही आत्ताच लावा. तीस सेकंद खोलीबाहेर जाऊन परत या, मग एक मिनिट, मग तीन. ते रडण्याआधीच परतायचे.

उलट्या आणि जुलाब दोन्ही असतील, शीमध्ये रक्त असेल किंवा पिल्लू मलूल पडून खात नसेल तर उद्यापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. अगदी लहान जातींची पिल्ले फार वेळ उपाशी राहिली तर रक्तातली साखर उतरून लटपटतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळा आणि लगेच निघा.

पहिल्या वर्गाला येताना

लसींची नोंद, दोन बोटे आत जातील इतका सैल साधा पट्टा, दोन मीटरची दोरी आणि मटाराच्या दाण्याहून लहान तुकडे केलेला मऊ खाऊ, निदान पन्नास तुकडे. वर्गाआधीचे खाणे अर्धेच द्या. फ्रीजवरच्या शब्दांच्या कागदाचा फोटोही आणा, आम्ही तेच शब्द वापरू.