बलकावरचा लाल ठिपका म्हणजे पिल्लू नव्हे

खानापूरकडच्या आमच्या आत्याने परवा फोडलेलं अंडं थेट उकिरड्यावर टाकलं. "रगात दिसतंय, पिल्लू धरलंय बघ!" बेळगाव-निपाणीकडे हा समज बऱ्याच घरांत ऐकू येतो. पण तो चुकीचा आहे.

अंडाशयातून बलक सुटताना कधी बारीकशी रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो ठिपका. कोंबड्याचं तोंडही न पाहिलेल्या पोल्ट्रीतल्या कोंबडीच्या अंड्यातही तो सापडतो. अंडं खुशाल खा.

पिल्लू बलकाचंही होत नाही; बलक ही त्याची शिदोरी. ते वाढतं बलकावरच्या ३-४ मिलिमीटरच्या फिकट पांढऱ्या टिकलीतून. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६५१ सालीच हे लिहून ठेवलंय. अंडं फळलेलं, म्हणजे कोंबड्याचं बीज लागलेलं असेल तर टिकलीला कडं दिसतं, नसेल तर नुसता पांढरा गोळा. आणि फळायचं ते पांढरं नि कवच चढायच्या आधीच, बलक अंडनलिकेत उतरल्यावर साधारण पाव तासात. टोपलीतलं अंडं मागाहून फळत नाही.

खुडूक कोंबडीखाली मात्र २१ दिवसांचा हिशेब सुरू होतो. दुसऱ्याच दिवशी काळीज धडधडायला लागतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरतात. तसलं जाळं दिसलं, तर आत्याचं खरं.