कॉलेज कुस्तीचा अर्ज: कोकणातल्या पोरांनी पावसाळ्यातच उरकायची कामं

आमच्या जिमखान्याच्या दारात दरवर्षी ऑगस्टमध्ये एक तरी पोरगा असा येतो. खांदे भरलेले, एक कान मोडलेला, गावच्या जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून वर आलेला. "सर, माझं नाव घाला." कितवीला आहेस? "बारावीला." तिथेच गाडी अडते.

कोकणात बहुतेक ठिकाणी ज्युनियर आणि सीनियर कॉलेज एकाच आवारात, त्यामुळे हा घोळ होतो. अकरावी-बारावीचं पोर शालेय स्पर्धेतलं. त्याचा गट 19 वर्षांखालील आणि नोंदणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे. गंमत म्हणजे शालेय स्पर्धेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात मोडतात, म्हणजे जिल्हा जिंकला की पुढे थेट कोल्हापूर-सांगलीच्या तालमीतली पोरं समोर. तोच मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षाला गेला की मुंबई विद्यापीठाचा होतो आणि कोल्हापूरकरांशी गाठ पडते ती एकदम अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत. आंतरमहाविद्यालयीन कुस्ती ही पदवी, पदविका किंवा पदव्युत्तर वर्गाला असलेल्यांसाठी. पुढचं सगळं त्यांच्यासाठीच.

आधी आपलं कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं, ते बघा. हसू नका, हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी कोणीतरी चुकीचं उत्तर देतं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली कला-वाणिज्य-विज्ञानाची कॉलेजं साधारणपणे मुंबई विद्यापीठाची. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र तपासावं, कारण काही कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. कृषीवाले दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे, मेडिकल-नर्सिंगवाले नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे. ज्याचं विद्यापीठ त्याची स्पर्धा. एका वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही.

वयाचा नियम भारतीय विद्यापीठ संघाचा आहे. त्या शैक्षणिक वर्षाच्या 1 जुलैला 17 वर्षं पूर्ण हवीत आणि 25 पूर्ण झालेली नकोत. 2026-27 साठी हिशेब केला तर 2 जुलै 2001 ला जन्मलेला खेळेल, 30 जून 2001 चा नाही. दोन दिवसांचा फरक, पण कागदापुढे इलाज नाही. प्रवेश पूर्णवेळ आणि निदान एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला हवा, तोही पक्का. तात्पुरता प्रवेश चालत नाही. नाव इथल्या कॉलेजात आणि पूर्णवेळ नोकरी मुंबईत, असे चाकरमानी विद्यार्थी आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांनाही खेळता येत नाही.

अर्ज स्वतः पाठवायचा नसतो, तो कॉलेजमार्फतच जातो. विद्यापीठाचं परिपत्रक कॉलेजच्या ईमेलवर येतं, शारीरिक शिक्षणाचे सर किंवा जिमखाना प्रमुख प्रवेशिका भरतात आणि प्राचार्य सही-शिक्का देतात. ज्या कॉलेजात क्रीडाशिक्षकच नाही, तिथे जिमखान्याचा भार इतिहासाच्या नाहीतर अकाउंट्सच्या एखाद्या सरांवर असतो. त्यांना तुम्ही कुस्ती खेळता हे माहीतही नसतं. जुलैत जाऊन भेटा, नाव आणि वजनगट वहीत लिहून घ्यायला लावा आणि दर आठवड्याला "सर, परिपत्रक आलं का?" म्हणून विचारत राहा. कंटाळतील, पण विसरणार नाहीत.

लागणारे कागद म्हणजे जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका (नापास झालात त्या वर्षाचीसुद्धा), चालू वर्षाची फीची पावती, कॉलेजचं ओळखपत्र, आधार, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), पासपोर्ट आकाराचे फोटो आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर त्याचं कारण देणारं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशनचा, म्हणजे विद्यापीठ बदलल्याचा, कागदही लागतो, आणि पहिल्या वर्षी खेळता येईल का ते आधी विचारून घ्या. झेरॉक्स दोन-तीन संच काढा, मूळ कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पिशवीचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे सप्टेंबरातही सॅक आतपर्यंत भिजते.

खरी खोच नावात असते. आमच्या एका सावंतांच्या पोराचं आडनाव इंग्रजीत दहावीच्या प्रमाणपत्रावर व्ही घालून आणि आधारवर डब्ल्यू घालून. घरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. पडताळणीच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले आणि पोरगा बाजूला उभा राहिला. दोन तास फोनाफोनी करून कॉलेजकडून पत्र मागवलं, तेव्हा कुठे जमलं. गावकर-गांवकर, लग्न झालेल्या मुलींची बदललेली नावं, वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे की नाही, सगळं हाच प्रकार. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे अक्षर आहे तेच प्रवेशिकेत घाला आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. या दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती जुलैत.

आता वजनगट. पुरुष फ्रीस्टाइलला 57, 61, 65, 70, 74, 79, 86, 92, 97 आणि 125 किलो. ग्रीको-रोमनचे गट वेगळे, 55 पासून 130 पर्यंत, आणि त्यात कमरेखाली पकड नाही; पट काढण्यावर, म्हणजे पाय धरून पाडण्यावर, ज्याची सगळी कुस्ती, त्याने तिकडे न गेलेलं बरं. मुलींना फक्त फ्रीस्टाइल: 50, 53, 55, 57, 59, 62, 65, 68, 72, 76. यातले कुठले गट घेतले आहेत ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा. लढत गादीवर असते, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. मातीवर वीस मिनिटं खडाखडी करायची सवय असलेल्या पोराची पहिली फेरी नुसती अंदाज घेण्यात जाते.

वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं. अंगावर फक्त कॉस्च्यूम, आणि त्याच्या वजनाची सूट मिळत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगट 50 किलोच्या गटात 100 ग्रॅमने बाद झाली, ते सगळ्यांनी पाहिलंय. आमचं रामायण त्याच्या आधीचं. 65 किलोचा पोरगा, मुंबईत स्पर्धा, आम्ही रात्री तुतारी एक्स्प्रेस धरलेली. निघताना घरच्या काट्यावर वजन बरोबर होतं. आईने डब्यात घावणे दिले होते, आणि गाडीत ते मी त्याला खाऊ दिले, वर स्टेशनवरचा चहा. सकाळी काटा तीनशे ग्रॅम वर. रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारल्या, थुंकी टाकली, आणि तो परत काट्यापाशी येईपर्यंत वेळ संपली होती. ते घावणे मला अजून आठवतात. तेव्हापासून आम्ही एक दिवस आधी पोचतो, आणि तपासून घेतलेला वजनकाटा सामानात असतो. 66 भरणाऱ्याने 65 चा गट धरावा. 69 वाल्याने चार किलो तोडण्यापेक्षा 70 मध्येच लढावं, असं माझं मत.

वजनाच्या वेळी डॉक्टर त्वचाही बघतात. आपल्या दमट हवेत, ओल्या लंगोटात आणि न वाळलेल्या गादीवर गजकर्ण हमखास धरतं, आणि संसर्ग दिसला तर गादीवर घेत नाहीत. पट्टी बांधून लपवू नका, महिनाभर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून त्यांची चिठ्ठी जवळ ठेवा. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको. आणि खोकल्याचं औषध असो की व्यायामशाळेतली पावडर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका, कारण वरच्या स्पर्धांत उत्तेजक चाचणी होते.

जिंकलात आणि विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर हेच कागद पुन्हा मूळ स्वरूपात मागतात. प्रमाणपत्र हातात पडलं की नावाचं स्पेलिंग, वजनगट आणि तारीख तिथेच उभं राहून वाचा. पुढे नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. कुठल्या स्पर्धेची कुठली कामगिरी कोणत्या पदाला चालते, ते त्या वेळच्या शासन निर्णयात पाहावं लागतं. हरलात तरी सहभागाचं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि परतीच्या गाडीत घावणे खुशाल खा.