डार्ट मारणाऱ्या रिमोटच्या गाडीचा नेम का चुकतो?

नर्फ या खेळण्यांच्या ब्रँडची टेरास्काउट नावाची एक रिमोटची गाडी २०१६ मध्ये अमेरिकेत आली होती. टँकसारखे पट्टे, वर फोमचे डार्ट मारणारा ब्लास्टर म्हणजे खेळण्यातली बंदूक, १८ डार्टची क्लिप, ७२०पी कॅमेरा आणि रिमोटवरच छोटा स्क्रीन, किंमत २०० डॉलरच्या आसपास, म्हणजे खेळणं पोराचं आणि हौस बापाची. न्यू जर्सीला भावाकडे गेलो तेव्हा त्याच्या बेसमेंटमध्ये ती चालवायला मिळाली आणि एक गोष्ट लगेच खटकली, की हातातल्या ब्लास्टरने जो डार्ट आरामात पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो तोच गाडीवरून मारला की अर्ध्या वाटेत जमिनीला लागतो.

आधी वाटतं गाडीवरचा ब्लास्टरच कमी ताकदीचा असणार. पण तसं असायची गरजच नाही, सगळा खेळ उंचीचा आहे. असे डार्ट साधारण सेकंदाला २० मीटर वेगाने सुटतात असं धरूया. गाडीची नळी जमिनीपासून जेमतेम वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटरवर. तेवढ्या उंचीवरून कुठलीही वस्तू खाली यायला ०.२ सेकंद लागतात, मग ती नुसती सोडा नाहीतर समोर कितीही जोरात मारा. तेवढ्या वेळात डार्ट साडेतीन-चार मीटर जाणार आणि संपलं. तोच डार्ट उभ्या माणसाने छातीच्या उंचीवरून सरळ मारला तर त्याला पडायला अर्धा सेकंद मिळतो आणि तो आठेक मीटर जातो. गणिताने खरं तर १० यायला हवेत, उरलेले हवा खाते. डार्टचं वजन एक ग्रॅमच्या आसपास आणि जाडी अर्धा इंच, त्यामुळे एवढ्या वेगाला हवेचा विरोध त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भरतो, दुप्पट म्हटलं तरी चालेल. क्रिकेटच्या बॉलला हा त्रास फार जाणवत नाही कारण त्याच्यात वजन असतं, फोममध्ये काय असणार.

मग गाडीच्या पुढच्या बाजूखाली एक जाडसर पुस्तक सरकवलं. नळी आठ-नऊ अंश वर झाली असेल नसेल, पण डार्ट अडीचपट लांब गेला, कारण आता तो आधी थोडा वर चढतो आणि मग पडतो, म्हणजे हवेत राहायला वेळ जास्त मिळतो. खोक्यावर छापलेले पल्ल्याचे मोठे आकडे बघाल तेव्हा नळी किती वर करून ते मोजलेत हे आधी विचारा.

ही कमी उंची अजून एका बाबतीत नडते. पोरं अशी गाडी बघायला हमखास जमिनीवर पालथी पडतात आणि त्यांचे डोळे बरोबर नळीसमोर येतात. डार्टमधली ऊर्जा ०.२ ज्यूल, अंगाला लागला तर हसू येईल इतकीच, पण २०१७ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी अशा डार्टमुळे डोळ्यात रक्त साकळलेल्या तीन पेशंटची माहिती छापली होती. चालवताना मी सगळ्यांना गॉगल घालायला लावले, थोडी कुरकुर झाली.

आता चालत्या गाडीवरून नेम धरायचं. गाडी आडवी सेकंदाला एक मीटरने चाललीय आणि नळी थोडी वर करून पाच मीटरवरच्या डब्यावर नेम धरलाय असं समजा. डार्टला तिथे पोचायला ०.३ सेकंद लागतात आणि गाडीचा आडवा वेग तो सोबत घेऊनच निघालेला असतो, त्यामुळे तो डब्याच्या २५-३० सेंटीमीटर बाजूने जातो. त्यात स्क्रीनवरचं चित्र जरा उशिरा येतं ती चूक वेगळी. धक्का मात्र काहीच नाही, गाडी दोन किलोची धरली तर एक डार्ट तिला सेकंदाला एक सेंटीमीटर एवढाच मागे ढकलतो, ते पट्टेच गिळून टाकतात.

रिमोटचं तंत्र जुनंच, निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला रेडिओवर चालणारी छोटी बोट दाखवली होती. आमच्या लहानपणी २७ मेगाहर्ट्झच्या दोन गाड्या एकत्र आणल्या की एका रिमोटवर दोन्ही पळायच्या आणि भांडणं व्हायची. हल्लीचे बरेचसे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर असतात आणि आपल्याच गाडीशी जोडी जमवतात, त्यामुळे ती मजा गेली.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे आतली चाकं. बॅटरीवरच्या बऱ्याच ब्लास्टरमध्ये हवेचा दाब नसतो, उसाच्या चरकासारखी दोन चाकं उलटसुलट फिरत असतात आणि मधली फट डार्टपेक्षा थोडी कमी असते, डार्ट आत ढकलला की चाकं त्याला पकडून बाहेर फेकतात. डार्ट जास्तीत जास्त चाकाच्या कडेच्या वेगाने जाऊ शकतो, त्याहून नाही. आणि प्रत्येक डार्ट चाकांचा थोडा वेग घेऊन जातो, तो परत यायला मोटरला वेळ लागतो, म्हणून धडाधड मारले की पुढचे डार्ट मरगळतात. त्यातच गाडी गालिच्यावर जागच्या जागी वळवली की अजून वाईट, कारण पट्टे आडवे घासत वळतात, वळायच्या मोटरी भरपूर करंट ओढतात आणि त्याच बॅटरीवर चाकं असतील तर व्होल्टेज पडून ती हळू होतात.

हे घरी मोजता येतं. डार्ट ७.२ सेंटीमीटरचा असतो, फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावून बाजूने शूट करा, डार्ट एका फ्रेममध्ये स्वतःच्या लांबीइतका सरकला तर वेग सेकंदाला १७ मीटर. आमच्याकडे गाडी उभी असताना सुटलेला पहिला डार्ट लांबीपेक्षा जरा जास्त सरकत होता, आणि पुतण्याने गोल गोल वळत क्लिप रिकामी केली तेव्हा शेवटचे डार्ट अर्ध्या लांबीच्या थोडेच पुढे जात होते.