तंबाखूचे घरगुती मिश्रण (कोकण)

हाताने वळायच्या सिगारेटीसाठी परसात किंवा मळ्यात लावलेल्या दोन-तीन जातींच्या तंबाखूची पाने वाळवून, मुरवून, ठरावीक प्रमाणात एकत्र करण्याची पद्धत. नीट जळणे, घशाला जाणवणारा जोर, गोडवा आणि वास हे चारही गुण एकाच जातीच्या पानात सहसा सापडत नाहीत, म्हणून मिसळावे लागते. कोकण किनाऱ्यावर तंबाखू हे मोठे नगदी पीक कधी झाले नाही. इथली विडीची, खायची आणि मिश्रीची तंबाखू मुख्यतः घाटावरून, निपाणी-कोल्हापूर पट्ट्यातून उतरत आली. फोंडा घाटातून जाणारा देवगड-निपाणी रस्ता हा त्या वाटांपैकी एक. त्यामुळे घरच्या पानांचे मिश्रण ही इथे हौसेचीच बाब आहे, पण हौस म्हणून सोपी नाही. मिश्रणाच्या प्रचलित कृती बहुधा कोरड्या हवेच्या मुलखांतल्या आहेत. कोकणात प्रमाण आधी खारी जमीन आणि दमट हवा ठरवतात. चवीचा विचार त्यानंतर.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांमार्फत हिंदुस्थानात आली. अकबराचा वकील असद बेग याने विजापुरात ती प्रथम पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास रत्नजडित हुक्क्यासह आग्र्याला नेली. असे काही आपण पूर्वी पाहिले नव्हते, असे त्याने लिहून ठेवले आहे. विजापूरची दाभोळसारखी बंदरे कोकणात आणि शेजारी गोव्यात पोर्तुगीज, हे लक्षात घेतले तर ही वनस्पती याच किनाऱ्यावरून दख्खनेत चढली असणार. जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानाला मनाई केली. तिचा परिणाम किती झाला हे उघडच आहे.

जाती. मिश्रणात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या जाती निकोटियाना टॅबॅकम या एकाच प्रजातीच्या. व्हर्जिनिया भट्टीत वाळवली की पिवळी होते आणि तिच्यात १० ते २५ टक्के साखर शिल्लक राहते. निकोटीन साधारण दीड ते तीन टक्के. बर्ले सावलीत, वाऱ्यावर वाळते. तिच्यात साखर जवळजवळ उरत नाही, निकोटीन थोडे जास्त, पान सच्छिद्र आणि हलके. तुर्की किंवा ओरिएंटल जातींची पाने लहान, वास भरपूर, निकोटीन एक टक्क्याच्या आसपास. निपाणीकडची विडी तंबाखू या सगळ्यांत कडक. चार टक्क्यांच्या वर ती सहज जाते. निकोटियाना रस्टिका ही वेगळी प्रजाती आणखी जहाल, पण तिला उत्तरेचा थंड हिवाळा लागतो. बिहार-बंगालकडची ती कोकणात लावण्यात अर्थ नाही.

व्हर्जिनिया, बर्ले आणि तुर्की यांचे एकत्रित मिश्रण अमेरिकेत १९१३ साली कॅमल सिगारेटने रूढ केले, आणि आजही घरी मिसळणारा बहुतेक माणूस कळत-नकळत तिथूनच सुरुवात करतो. त्यामागचा हिशेब असा : व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी, म्हणून गोड लागतो, बर्ले आणि विडी तंबाखूचा अल्कधर्मी, म्हणून जोर जास्त आणि ठसकाही जास्त. दोघी एकमेकींना आवरतात.

जमीन, पाणी आणि जळण्याचा प्रश्न. कोकणातली घरची तंबाखू सर्वांत आधी फसते ती इथे. पानातले क्लोराइड साधारण दीड टक्क्यांच्या वर गेले की पान नीट जळत नाही. पेटते, दोन झुरक्यांत काळे पडते आणि विझते. राख पांढुरकी न होता काळी, कोळशासारखी राहते. क्लोराइड येते मिठातून, आणि किनाऱ्यावर मीठ नाही कुठे? खाजणाची जमीन तर सोडाच, पण समुद्राजवळच्या विहिरींचे पाणीही फेब्रुवारी-मार्चपर्यंत मचूळ होते, आणि पान नेमके त्याच दिवसांत पक्व होत असते. नारळाच्या आळ्यात मीठ टाकायची रीत, मासळीचे खत, पालाशासाठी दिलेले म्युरेट ऑफ पोटॅश (म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच) यांमुळे जी वाडी नारळाला उत्तम, तीच तंबाखूला घातक. याउलट पालाश स्वतः जळायला मदत करते. म्हणून तंबाखूला ते सल्फेटच्या रूपात किंवा लाकडाच्या राखेतून द्यावे.

तेव्हा जागा निवडायची ती आतल्या बाजूची : नदीकाठचा गाळाचा मळा, जिथे भात कापून झाल्यावर एरवी वाल-पावटा किंवा भाजी करतात. मुळाशी पाणी साचलेले तंबाखूला एक दिवसही चालत नाही, म्हणून पावसाळी पीक इथे शक्य नाही. बी अत्यंत बारीक, एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे. ते पावसाळा सरताना गादीवाफ्यावर राखेत किंवा वाळूत मिसळून फोकतात आणि रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. कळी दिसली की शेंडा खुडतात, मग बगलेतले फुटवे काढत राहावे लागतात. हे टाळले तर पान पातळ आणि फिके राहते. मुळांवर वाढणारे बंबाखू हे परजीवी तण दिसताच, फूल येण्याआधी उपटावे, कारण त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. एका रोपाचे वाळलेले पान शंभर ग्रॅमच्या आगेमागे भरते, म्हणजे चार वाफे खूप झाले.

पान जळते की नाही हे सिगारेट वळण्याआधी पाहता येते. वाळलेल्या पानाचा, शीर नसलेला तुकडा घेऊन त्याच्या कडेला उदबत्तीचा निखारा लावायचा, ज्वाला नव्हे. चांगल्या पानावर निखाऱ्याची बारीक लाल कड कंकणाकृती पसरत जाते आणि मागे राखाडी जाळी सोडते. खारे पान लावताक्षणी धुमसते, काळा डाग पडतो आणि कड तिथेच मरते. ती किती सेकंद चालली हे मोजले की जातीजातींची तुलना होते. मिश्रणाचे प्रमाण ठरवण्याआधी कोकणात ही चाचणी केलीच पाहिजे. वासावर भुलून न जळणारे पान अर्धे घातले, तर बाकीचे कितीही चांगले असो, सिगारेट पुन्हा पुन्हा पेटवावी लागते.

वाळवणे आणि साठवण. पाने सुंभात ओवून पडवीत टांगतात, दोन पानांत वारा खेळेल इतके अंतर ठेवून. किनाऱ्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, दुपारनंतर खारे वारे उलटतात. मतलईचा कोरडा झोत थेट लागला तर पान पिवळे होण्याआधीच हिरवे वाळते, आणि हिरवे वाळलेले पान कितीही मुरवले तरी गवतासारखे लागते. म्हणून पहिले काही दिवस पाने गोणपाटाखाली पिवळी होऊ द्यायची, मग टांगायची. सावलीतल्या वाळवणीला चार ते आठ आठवडे लागतात. मधली शीर वाकवल्यावर कटकन मोडली की पान झाले. घरी भट्टी नसल्याने व्हर्जिनिया उन्हात वाळवतात. पान लवकर वाळते, त्यामुळे थोडी साखर राहते. भट्टीतल्याइतकी नाही, पण बर्लेपेक्षा पुष्कळ.

पान हाताळायचे ते पहाटेच. दुपारी चुरा होणारे पान दवाच्या वेळी कापडासारखे मऊ असते. मात्र त्याच मऊ अवस्थेत डब्यात भरले तर आठवड्यात बुरशी. ओढण्याजोगी तंबाखू १२ ते १४ टक्के ओलाव्याची असते. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडे पान त्याच्या किती तरी वर जाते, तेव्हा मृगाच्या आत सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत गेलेच पाहिजे. चुलीवरच्या फळीवर ठेवले तर बुरशी येत नाही, पण धूर मुरतो. तंबाखू धुरावर वाळवण्याची पद्धत जगात इतरत्रही आहे. ते पान मिश्रणात मसाल्यापुरते घ्यावे; दहाव्या भागाच्या वर गेले की बाकी सगळे झाकून टाकते.

व्यापारात पानांचे मोठे ढीग रचून त्यांना आपल्याच उष्णतेत घाम आणतात. अमोनिया उडतो, उग्रपणा जातो. दोन-चार किलोचा ढीग मात्र तापतच नाही, उष्णता धरायला वस्तुमान लागते. घरच्या तंबाखूला म्हणून वेळ हाच उपाय : बंद बरणीत एक वर्ष, जमल्यास दोन. यंदाचे पान यंदाच ओढणाऱ्याला घसा बसला तर दोष जातीचा नाही.

मिसळणे. पाने शिरा काढून, एकावर एक ठेवून अळूवडीसारखी घट्ट गुंडाळतात आणि धारदार सुरीने एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काप काढून मोकळे करतात. सुरी आणि पाट स्वयंपाकाचे नसावेत. निपाणीचा तयार विडी-जर्दा कापलेला नसून दाणेदार असतो. टेंभुर्णीच्या पानात तो बसतो, कागदात घातला तर तोंडात येतो. मिसळायचाच तर धाग्यांच्या मध्यभागी, थोडा.

पहिले मिश्रण दहा ग्रॅमचे करावे : पाच भाग उन्हातली व्हर्जिनिया, तीन-साडेतीन भाग बर्ले, एक भाग लहान पानाची वासाची जात, उरलेला अर्धा-एक भाग कडक विडी तंबाखू. सर्व वजने एकाच वेळी, शक्यतो दुपारी करायची. पहाटे तोललेल्या दहा ग्रॅममध्ये पाणी जास्त आणि पान कमी असते, आणि हे न पाळल्यामुळे अनेकांचे ‘जमलेले’ प्रमाण दुसऱ्यांदा जमत नाही. मग एका वेळी एकच घटक बदलायचा. ठसका लागला तर बर्लेआधी विडी तंबाखू कमी करावी. जीभ चरचरली तर बहुधा व्हर्जिनिया जास्त झालेली असते किंवा तंबाखू फार कोरडी असते. सिगारेट एका बाजूने पळत असेल तर दोष प्रमाणाचा नसून असमान कापणीचा किंवा वळणाऱ्या हाताचा.

कोकणातला खास फेरफार पावसाळ्यातला. साखर ओलावा ओढते, त्यामुळे व्हर्जिनिया जास्त असलेले हिवाळी मिश्रण आषाढात बरणी उघडताच चिकट आणि जड होते. तेव्हा व्हर्जिनियाचा एक भाग कमी करून बर्ले वाढवणे हाच सरळ मार्ग. बर्लेचा रूक्षपणा घालवायला गुळाचे पाणी शिंपडतात. वजनाच्या एक-दोन टक्के गूळ पुरे. त्याहून जास्त घातला की आधी मुंग्या येतात, मग बुरशी. मिसळलेली तंबाखू आठवडाभर बंद ठेवल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये, कारण तोवर कोरड्या-ओल्या पानांतला ओलावाही सारखा झालेला नसतो.

पानाचे वेष्टन. कागदाऐवजी पान वापरण्याची रीत जुनी. विडीला टेंभुर्णीचे किंवा आपट्याचे पान लागते. पान कागदाइतके हवा खेळू देत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी झुरके भराभर घ्यावे लागतात. गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली शंकूच्या आकाराची धुमटी ओढत, आणि काहीजण तिचे पेटते टोक तोंडात धरत. या उलट्या धुमटीची पाहणी ५,४४९ गावकऱ्यांमध्ये झाली आणि १९७६ साली प्रसिद्ध झाली. तोंडातील कर्करोगपूर्व विकारांचा शोध हा तिचा विषय होता.

आरोग्य व कायदा. घरची, औषध न मारलेली तंबाखू कमी अपायकारक, हा समज सर्रास आढळतो आणि तो निराधार आहे. टार व कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून येतात, तंबाखू कुणी पिकवली यातून नव्हे. हातच्या सिगारेटीला बहुधा गाळणीही नसते. नत्र भरपूर दिलेल्या, सावलीत वाळवलेल्या बर्लेसारख्या पानात कर्करोगकारक नायट्रोसामाइने जास्त तयार होतात, म्हणजे शेणखत सढळ घालणारा हौशी माणूस उलट भरच घालतो. ओली पाने खुडताना निकोटीन कातडीतून शिरते आणि मळमळ, चक्कर, उलट्या होतात. गुजरातेतल्या तंबाखू कामगारांत हा विकार नोंदला गेला आहे. कोकणात डिसेंबरच्या सकाळी पाने दवाने निथळत असतात. खुडणी दव उडाल्यावर आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच करावी. तंबाखू हाताळून तसेच मिरची-टोमॅटोच्या रोपांना हात लावला तर मोझॅक विषाणू तिकडे जातो, तेव्हा साबणाने हात धुणे रोपांसाठीही गरजेचे.

सरकारने १९४३ साली तंबाखूच्या पानावरच उत्पादन शुल्क बसवले होते. कच्च्या पानावरचे ते शुल्क १९७९ मध्ये उठले. व्हर्जिनिया लावणाऱ्याला मात्र १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्यानुसार मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मंडळाचे मुख्यालय गुंटूरला आहे आणि इतर जातींना ही अट नाही. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपान आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींना विक्री यांना मनाई आहे, आणि महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सिगारेट-विडीची सुटी विक्रीही बंद आहे.