वेगवान बोट आणि चालकाचा उशिरा पोचणारा हात

पाणी जवळजवळ सपाट आहे, वारा नाही, आणि व्ही आकाराच्या तळाची एक बोट ताशी ११० किलोमीटर वेगाने धावते आहे. चालक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, आणखी थोडं पुढे सारतो आणि बोट डावी-उजवीकडे डुलायला लागते. सुरुवातीला इतकी हलकी, की शेजारी बसलेल्याच्या लक्षातही येणार नाही. चालक डुलणं थांबवायला स्टिअरिंग उलट बाजूला फिरवतो. डुलणं वाढतं. तो आणखी जोरात फिरवतो. थोड्याच हेलकाव्यांत बोट या कडेवरून त्या कडेवर आपटू लागते, आणि वेळीच वेग कमी केला नाही तर पुढचा एखादा हेलकावा तिला उलथवूही शकतो.

पॉवरबोट चालवणारे याला ‘चाइन वॉकिंग’ म्हणतात. यात इंजिन बिघडलेलं नसतं, लाटाही नसतात. बोट बिथरते ती बऱ्याचदा चालकाच्याच दुरुस्त्यांमुळे. त्या दुरुस्त्यांची दिशा बरोबर असते, फक्त त्या उशिरा पोचतात. वेगवान बोट चालवण्याचं कसब आणि त्यातले धोके समजून घ्यायचे, तर या उशिराकडेच नीट बघायला हवं.

आधी बोट खालून बघू. हळू जाणारी बोट पाण्यात बसलेली असते आणि आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. वेग वाढला की तळावर आदळणारं पाणी तिला वर उचलू लागतं, आणि ही उचल साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका टप्प्यावर बोट स्वतःच निर्माण केलेल्या लाटेवर चढते आणि पाण्यावरून घसरत जाते. याला प्लेनिंग म्हणतात. तळाचा जितका कमी भाग ओला, तितका विरोध कमी आणि वेग जास्त. कमाल वेगाला तळाचा अगदी मागचा, मधला पट्टा तेवढा पाण्याला टेकलेला असतो.

१९६० सालच्या मायामी ते नासाऊ शर्यतीत रेमंड हंट यांनी आखलेल्या ‘मॉपी’ या बोटीने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली, आणि तेव्हापासून खोल व्ही आकाराचा तळ वेगवान बोटींचा जवळजवळ नियमच झाला. हा तळ लाट कापत जातो, सपाट तळासारखा लाटेवर धाडकन आपटत नाही. पण हीच बोट सपाट पाण्यावर पूर्ण वेगात असते, तेव्हा तिला आधार उरतो तो फक्त मधल्या अरुंद भागाचा. मग ती एका बाजूला कलते, तिकडची तिरकी बाजू पाण्यात शिरते, पाणी तिला परत ढकलतं आणि ती दुसऱ्या बाजूला जाते. लाटेत वाचवणारा आकार सपाट पाण्यात डोलवतो, आणि आकार एकच असल्यामुळे यातून पूर्ण सुटका नाही.

आता चालकाचा हात. बोट कलली हे शरीराला जाणवायला, मेंदूने निर्णय घ्यायला आणि हात हलायला सेकंदाचा काही भाग जातो. त्यानंतर स्टिअरिंगची केबल ताणली जाणार, बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन वळणार, पाण्याचा जोर बदलणार आणि मग कुठे बोट प्रतिसाद देणार. हे सगळे छोटे उशीर एकत्र होतात. तोवर बोटीचा हेलकावा उलटून ती परत येऊ लागलेली असते, आणि तिला अडवायला दिलेला धक्का आता तिच्याच दिशेने लागतो. थांबवायच्या झोक्याला नेमका परतीच्या वेळी धक्का बसावा, तसं होतं. नियंत्रणशास्त्राच्या भाषेत सांगायचं, तर उशिरा आलेला प्रतिसाद आंदोलन शमवण्याऐवजी त्यात ऊर्जा भरतो. विमानांतही हेच घडतं. नाक वर-खाली होऊ लागलेलं विमान वैमानिकाच्या दुरुस्त्यांमुळे आणखी उसळतं, आणि विमानविद्येत यावर बराच अभ्यास झालेला आहे.

म्हणूनच स्टिअरिंगमधली ढिलाई वेगवान बोटीत अजिबात चालत नाही. चाक दोन बोटं फिरवलं तरी इंजिन हलत नाही, अशी जुनी केबल संथ बोटीत फारशी त्रासदायक वाटत नाही. ताशी १०० किलोमीटरला ती ढिलाई आधीच असलेल्या उशिरात भर घालते. केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमुळे ही भर जवळपास जाते. माझ्या मते जास्त ताकदीच्या इंजिनावर पैसे घालवण्याआधी ते इथे घालवावेत.

बोट डुलायला लागली की नवख्याने करायची गोष्ट साधी आहे: स्टिअरिंगशी झटापट करायची नाही, थ्रॉटल किंचित मागे घ्यायचं आणि ट्रिम थोडं खाली आणायचं. ट्रिम म्हणजे इंजिनाचा उभा कोन. तो खाली आणला की नाक खाली येतं, तळाचा जास्त भाग पाण्याला टेकतो आणि डुलणं विरतं. मुरलेला चालक वेग न सोडताही बोट सरळ ठेवतो, पण तो झटकन प्रतिक्रिया देतो म्हणून नव्हे. पुढचा हेलकावा कधी येणार हे त्याला बसल्या जागी, कमरेतून आणि तळपायांतून कळतं, आणि हेलकावा येण्याआधीच त्याचा हात जरासा हललेला असतो. बाजूला बसून बघितलं तर चाक स्थिरच आहे असं वाटेल. सरावाने मेंदू त्या बोटीचा एक अंदाज मनात बांधतो आणि घडलेल्या गोष्टीऐवजी घडणाऱ्या गोष्टीला उत्तर देऊ लागतो.

हा अंदाज मात्र त्या बोटीपुरताच असतो. प्रोपेलर बदला, टाकी भरलेली असताना बांधलेला अंदाज रिकाम्या टाकीला लावा, पुढच्या बाजूला दोन माणसं बसवा, की डुलण्याची लय बदलते. वीस वर्षं बोटी चालवणाऱ्या माणसानेही नव्या बोटीत वेग टप्प्याटप्प्याने वाढवायला हवा. अनुभव आहे म्हणून तो सूट मागत असेल, तर ती देऊ नये.

घाबरल्यावर थ्रॉटल एकदम बंद करणं ही रस्त्यावरून आलेली सवय आहे. गाडीत पाय उचलला की बहुतेक वेळा निभावतं. इथे थ्रॉटल झटक्यात बंद झालं तर नाक खाली पडतं आणि पुढची धार पाण्यात रुतते. पाण्याची पकड आता पुढे, तर वजन मागे. बोट जरा वळलेली असेल तर मागचा भाग बाहेरच्या बाजूला झपकन फिरतो, बोट जागच्या जागी वळते आणि आतली माणसं जुन्याच दिशेने, जुन्याच वेगाने पुढे फेकली जातात. याला ‘हुक होणं’ म्हणतात. ट्रिम फार खाली ठेवून वेगात तीव्र वळण घेतलं तरी हेच घडू शकतं. वळणाआधी वेग कमी करायचा, वळण चालू असताना थ्रॉटलला झटके द्यायचे नाहीत. नियम इतका छोटा आहे, पण भीतीच्या क्षणी तो आठवून उपयोग नाही. हाताला वळण लागलेलं हवं.

खुल्या समुद्रातल्या शर्यतींत हे काम अनेकदा दोघांत वाटलेलं असतं: एक दिशा सांभाळतो, दुसरा फक्त थ्रॉटल. बोट लाटेवरून उडाली की प्रोपेलर हवेत येतो, त्याच्यावरचा भार जातो आणि इंजिन बेफाम फिरू लागतं. तेवढ्या क्षणापुरतं थ्रॉटल मागे घ्यायचं आणि बोट पाण्याला टेकते त्या वेळी पुन्हा द्यायचं. हे प्रत्येक लाटेला करायचं असतं. तरीही एखादी लाट हिशेबाबाहेरची निघते. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीसाठी गाडी चालवलेले दिदिए पिरोनी २३ ऑगस्ट १९८७ रोजी आयल ऑफ वाइटजवळच्या शर्यतीत होते. एका तेलवाहू जहाजाच्या मागे उठलेल्या लाटेवर त्यांची बोट उसळून उलटली आणि बोटीतले तिघेही गेले.

कसब कुठे संपतं हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते बोट हवेच्या ताब्यात जाते तेव्हा. दोन बाजूंना दोन तळ आणि मधे बोगदा अशा बोटींत, किंवा हायड्रोप्लेनमध्ये, म्हणजे वेगात पाण्याला जेमतेम टेकणाऱ्या शर्यतीच्या बोटीत, हवासुद्धा उचल देते. नाक थोडं वर झालं की हवेचा कोन वाढतो, उचल वाढते, त्यामुळे नाक आणखी वर जातं. एका मर्यादेपलीकडे हे चक्र आपोआप चालतं आणि बोट मागे कोलमडते. डोनाल्ड कॅम्पबेल ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटरवर ‘ब्लूबर्ड के ७’ घेऊन उतरले. पाण्यावरच्या वेगाच्या विक्रमासाठी एका तासात दोन्ही दिशांनी धाव घ्यावी लागते. पहिली धाव ताशी सुमारे ४७८ किलोमीटरने झाली. ते लगेच वळले. परतीच्या धावेत वेग ५१० किलोमीटरच्याही पुढे गेला, नाक उचललं गेलं आणि बोट हवेत उलटून पाण्यावर आदळली. पहिल्या धावेच्या लाटा पुरत्या विरल्या होत्या का, इंजिनाचा जोर ऐनवेळी गेला का, यावर आजही चर्चा होते. पण नाक मर्यादेपलीकडे गेल्यानंतर जगातला कोणताही चालक तिथे काही करू शकला नसता.

बिल मन्सी यांच्याइतका अनुभव हायड्रोप्लेन शर्यतींत फार थोड्यांकडे होता. गोल्ड कप ही मानाची शर्यत आठ वेळा जिंकलेले मन्सी १९८१ मध्ये अकापुल्कोला अशाच उलटण्यात गेले. पुढच्या वर्षी हायड्रोप्लेनचेच दुसरे नावाजलेले चालक डीन चेनोवेथ गेले. या दोन मृत्यूंनंतर चालकाने काय करावं यापेक्षा बोटीने काय करावं हा प्रश्न पुढे आला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर एफ-१६ लढाऊ विमानाचं पारदर्शक छत लावलेले बंद कॉकपिट आले. त्याआधी चालक उघड्यावर बसायचा आणि उलटलेल्या बोटीतून थेट पाण्यावर फेकला जायचा. त्या वेगाला पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, आणि शरीराला ते कठीण जमिनीसारखं लागतं. बंद कॉकपिटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला चालक बोट उलटूनही जिवंत राहू लागला. पुढे पाण्याखाली श्वासासाठी हवेची सोय झाली, उलटलेल्या बोटीतून बाहेर पडायला झडप आली. अनेक शर्यतींत चालकाला पाण्यात उलटं बुडवलेल्या कॉकपिटमधून बाहेर पडून दाखवावं लागतं, तरच परवाना मिळतो. मोठ्या हायड्रोप्लेनमध्ये पुढचा छोटा पंख चालक पायाने हलवतो आणि नाक उठण्याआधीच दाबून धरतो. कसबाला अवजाराची जोड मिळाली ती अशी.

हौशी बोटींत ना छत असतं, ना पट्टे. ताशी १३० किलोमीटरला बोट एका सेकंदात ३६ मीटर जाते. समोरचा ओंडका दिसून हात हलेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ५४ मीटर मागे पडले, आणि बोटीला ब्रेक नसतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत अपघातांच्या पहिल्या कारणांत चालकाचं दुर्लक्ष, अननुभव, समोर नीट लक्ष न ठेवणं आणि अति वेग हीच कारणं वर्षानुवर्षं येतात. प्राणघातक अपघातांत दारू आघाडीवर असते. मृतांपैकी साधारण तीन चतुर्थांश बुडून जातात, आणि बुडालेल्या दर पाचांतल्या चारांहून जास्त जणांनी लाइफ जॅकेट घातलेलं नसतं. शिवाय दारू न घेताही ऊन, वारा, आवाज आणि सततचे हादरे माणसाला थकवतात आणि प्रतिक्रिया मंदावते. सकाळी बरोबर वेळेवर पोचणारा हात संध्याकाळी परतताना उशिरा पोचतो. म्हणून परतीचा वेग जातानाच्या वेगापेक्षा कमी हवा.

राहिली ती दोरी. किल कॉर्ड म्हणजे एक गुंडाळलेली दोरी: एक टोक चालकाच्या मांडीला किंवा जॅकेटला, दुसरं इंजिनाच्या स्विचला. चालक जागेवरून उडाला की इंजिन बंद. ५ मे २०१३ रोजी कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ ‘मिली’ नावाच्या बोटीतून एका तीव्र वळणात सहाही जण बाहेर फेकले गेले. दोरी चालकाला लावलेली नव्हती. रिकामी बोट वेगात गोल फिरत राहिली आणि पाण्यातल्या माणसांवर परत आली. दोघं गेले, आणखी दोघांना गंभीर दुखापती झाल्या. वळलेलं स्टिअरिंग तसंच राहतं किंवा प्रोपेलरच्या पिळामुळे एका बाजूला ओढलं जातं, त्यामुळे चालक नसलेली बोट सरळ निघून जाण्याऐवजी बऱ्याचदा घिरट्या घालते, आणि तेही माणसं पडली त्याच जागेभोवती.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान, असा स्विच असलेल्या बोटी प्लेनिंगच्या वेगाने चालवताना ही दोरी किंवा तिचा बिनतारी पर्याय लावणं कायद्याने बंधनकारक आहे. दोरी लावली म्हणून काम झालं असं नाही. निघण्याआधी इंजिन चालू करून ती एकदा ओढून बघावी, कारण मीठ आणि गंज लागलेला स्विच ऐनवेळी दगा देतो. चालक बदलताना आधी इंजिन बंद करावं, दोरी नव्या चालकाला लावावी, मगच पुन्हा सुरू करावं. आणि बोटीत दुसरी दोरी हवीच, बाकीच्यांना ती कुठे आहे हे माहीत हवं. चालक दोरीसकट पाण्यात पडला, तर मागे राहिलेल्यांना इंजिन सुरू करून त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी तीच लागते.