मूळ स्टेअरिंगची किंमत आम्ही कशी ठरवतो
विकणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

जुन्या स्पोर्ट्स कारचं स्टेअरिंग आमच्याकडे आणण्याआधी एक कळकळीची विनंती आहे. ते घासू नका, धुऊ नका, पॉलिश करू नका. माळ्यावरून जसं निघालं तसंच, धुळीसकट, जुन्या चादरीत गुंडाळून आणा. या पत्रकातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं ऐका. अपघातापेक्षा साफसफाईने वाया गेलेली स्टेअरिंग आम्ही जास्त पाहिली आहेत, आणि दर वेळी ती साफसफाई कुणीतरी मायेनेच केलेली असते.

पुण्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. साधारण १९४५ ते १९८५ या काळातल्या स्पोर्ट्स कारची मूळ स्टेअरिंग आम्ही विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. या गाड्या मुख्यतः इंग्लंड, इटली आणि जर्मनीच्या, त्यांचे शौकीनही तिकडेच जास्त, त्यामुळे भाव तिकडे ठरतो. आपल्याकडे संस्थानिकांच्या, गिरणीमालकांच्या, चहाच्या मळेवाल्यांच्या घरांतून काही मोजक्या गाड्या आल्या. त्यांतल्या बऱ्याच मोडीत गेल्या, पण गाडी भंगारात देताना कुणीतरी आठवण म्हणून स्टेअरिंग काढून ठेवलं, असं अनेक घरांत झालेलं आहे. तसं एखादं तुमच्या घरी असेल, तर त्याची किंमत कशावर ठरते ते तुम्हाला आमच्याइतकंच कळावं म्हणून हे पत्रक.

मूळ म्हणजे काय?

आमच्या धंद्यात ‘मूळ’चे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, कारखान्यातून गाडीसोबत आलेलं स्टेअरिंग. दुसरा, त्याच काळात मालकाने हौसेने बाजारातून घेऊन बसवलेलं नामांकित कंपनीचं स्टेअरिंग.

पहिल्या प्रकारात गाडीचं मॉडेल आणि वर्ष जुळणं हाच किमतीचा कणा. जॅग्वारची ई-टाइप घ्या. १९६१ मध्ये ती आली तेव्हा तिला लाकडी कडं आणि भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे तीन आरे होते. १९७१ मध्ये बारा सिलिंडरची तिसरी सिरीज आली आणि कड्यावर लाकडाच्या जागी चामडं आलं. नाव एकच, गाडी वरवर तीच, पण नंतरचं चामड्याचं स्टेअरिंग आधीच्या गाडीला लावलं तर जाणकार दुरूनच ओळखतो. पोर्शे ९११ चंही तसंच. १९६४ साली उत्पादन सुरू झालं तेव्हाच्या गाड्यांना लाकडी कड्याचं स्टेअरिंग होतं. ज्याच्याकडे अशी सुरुवातीची गाडी आहे आणि स्टेअरिंग मात्र नंतरचं बसवलेलं आहे, तो माणूस वर्षानुवर्षं शोधात असतो. असा गरजू मालक जगात किती ठिकाणी आहे आणि वस्तू किती उरली आहे, या दोन गोष्टींचा मेळ म्हणजे भाव.

एमजीच्या टीसी गाडीचं (१९४५ ते १९४९) स्टेअरिंग इंग्लंडमधल्या ब्लूमेल्स कंपनीचं. सायकलच्या पंपावर हे नाव वाचलेले ज्येष्ठ लोक अजून भेटतात. तीच ही कंपनी. त्याचे आरे म्हणजे पोलादी तारांच्या जुड्या असतात. रस्त्याचा हादरा हातापर्यंत पोचू नये म्हणून ही योजना. तार तुटलेली नसेल आणि सगळ्या तारा सारख्या ताणात असतील तर त्या स्टेअरिंगकडे आम्ही फार आदराने पाहतो, कारण या तारा नव्याने ओवणं सोपं नाही.

दुसऱ्या प्रकारात दोन नावं सर्वांत जास्त येतात. एन्रिको नार्डी (१९०७ ते १९६६) हा इटलीतल्या तोरिनोचा इंजिनिअर, आधी लान्चा या मोटार कंपनीत आणि मग फेरारीच्या संघात काम केलेला. त्याच्या लाकडी स्टेअरिंगनी पन्नास आणि साठच्या दशकांत फेरारीचे डॅशबोर्ड सजले. दुसरा जानपिएरो मोरेत्ती, स्वतः शर्यतीत गाडी चालवणारा. १९६४ च्या सुमारास त्याने आपल्या गाडीसाठी नेहमीपेक्षा जाड कड्याचं, हातात भरून येणारं स्टेअरिंग बनवून घेतलं. फेरारीचा शर्यतपटू जॉन सर्टीझला ते आवडलं, त्याने आपल्या फेरारीत बसवून घेतलं आणि त्याच वर्षी तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. मोरेत्तीचा ‘मो’ आणि इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीच्या ट्रॅकचा ‘मो’, असं ‘मोमो’ नाव झालं.

टेबलावर आम्ही काय पाहतो

सगळ्यात आधी स्टेअरिंग जाड सपाट काचेवर पालथं ठेवतो. कडं काचेला सगळीकडे टेकलं पाहिजे. एका बाजूला पोस्टकार्ड आत सरकलं तर कडं वाकलेलं आहे, आणि कडं वाकतं ते बहुधा अपघातात, चालवणाऱ्याची छाती किंवा हात त्यावर आदळून. असं स्टेअरिंग कितीही देखणं असलं तरी गाडीत लावण्यासाठी आम्ही विकत नाही. भिंतीवर लावायला देतो, आणि पावतीवर तसं लिहून देतो.

मग लाकडी कडं. त्याच्या पोटात धातूची पट्टी असते, तिच्या दोन्ही अंगांना लाकूड गोंदाने आणि रिव्हेटने बसवलेलं असतं. आम्ही रिव्हेटवरून अंगठ्याचं नख फिरवतो. मूळ फिनिश असेल तर नख अडत नाही, लाकूड आणि रिव्हेटची टोपी एका पातळीत असतात. कुणी पॉलिश पेपर मारला असेल तर लाकूड झिजतं, धातू झिजत नाही, आणि नखाला टोपीचा उंचवटा लागतो. आरा जिथे लाकडात शिरतो तिथेही असाच, केसाएवढा कंगोरा तयार होतो. एकदा लाकूड गेलं की ते परत भरता येत नाही. फर्निचरवाल्याकडून चकचकीत मेलामाइन मारून आणलेलं एक जॅग्वारचं स्टेअरिंग आमच्याकडे आलं होतं. मालकांनी त्यावर खर्च केला होता, आरसा दिसत होता, आणि बोटांच्या खाचा जवळजवळ सपाट झाल्या होत्या. त्यांना आकडा सांगताना आम्हाला खरंच वाईट वाटलं.

तडे तीन तऱ्हांचे. नुसत्या व्हार्निशला गेलेली जाळी ही वयाची खूण आहे, त्याची फारशी वजावट आम्ही करत नाही. लाकडाचे सांधे उघडले असतील तर काम आहे, पण जमण्यासारखं. लाकूड आडवं तुटलं असेल तर जोड कायम दिसणार. जुन्या प्लॅस्टिकच्या कड्यांना पडलेल्या भेगा मात्र जवळजवळ अटळ: आतलं पोलाद आणि वरचं प्लॅस्टिक ऊन-थंडीत सारखं प्रसरण पावत नाही, आणि प्लॅस्टिक वर्षं उलटतात तसं आकसतं. त्यामुळे तिथे आम्ही भेगा आहेत की नाहीत हे न पाहता किती आहेत आणि कुठे आहेत ते पाहतो. आणखी एक, जिवाची गोष्ट म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आणि लगेच नंतरच्या काळातली काही कडी सेल्युलॉइडची असतात. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. हीट गन, इस्त्री, मेणबत्ती, काहीही त्याच्याजवळ नेऊ नका.

चामडं असेल तर आम्ही शिवण पाहतो. मूळ टाके घट्ट, एकसारखे आणि हाताच्या मळाने काळवंडलेले असतात. नवीन चामडं चढवलेलं स्टेअरिंग दिसायला छान, पण मूळ झिजलेल्या चामड्याला आम्ही जास्त पैसे देतो. घेणाऱ्याला वाटलं तर तो नवीन चढवू शकतो. जुनं परत आणू शकत नाही.

शेवटी भोकं. मोमोची सहा भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्डीची नेहमी दिसणारी ७४ च्या. हे घरीही मोजता येतं: समोरासमोरची दोन भोकं घ्या आणि एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत माप घ्या. चार मिलिमीटरच्या या फरकापायी किती मेकॅनिकांनी ड्रिल चालवलंय याची गणती नाही. एकाचा बॉस (स्टेअरिंग गाडीच्या दांड्याला जोडणारा मधला भाग) दुसऱ्याला बसवण्यासाठी पाडलेली जादा भोकं ही कायमची जखम असते, शिवाय तिथे आरा कमजोर होतो.

शंभरातून वजा

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आम्ही निर्दोष वस्तूला १०० धरतो. निर्दोष म्हणजे गाडीशी जुळणारं, सरळ, मूळ फिनिशचं, मूळ हॉर्नच्या बटणासकट. व्हार्निश उडालंय पण लाकूड शाबूत, तर ८० ते ८५. सांधे उघडलेत, तर ६० च्या आसपास. पॉलिश पेपरने लाकूड गेलंय, तर ४०. जादा भोकं असतील तर जिथे असू तिथून आणखी २० खाली. वाकलेलं, म्हणजे भिंतीवरचं, १५. हे आकडे आमच्या वर्कशॉपचे आहेत. दुसरा व्यापारी वेगळे धरेल आणि त्यात काही गैर नाही.

हॉर्नच्या बटणाला आम्ही साधारण १५ धरतो, पण इथे अपवादच जास्त. स्टेअरिंग सहज मिळतं आणि बटण कुठेच मिळत नाही, असं वारंवार होतं. छोटी वस्तू, काढायला सोपी, हरवायलाही सोपी. म्हणून घरात शोधाशोध कराल तेव्हा खिळे-स्क्रूंचा डबा, जुन्या बिस्किटांचे डबे, शिवणाचं खोकंसुद्धा पाहा. मधला बॉस असेल तर तोही आणा, गंजलेला असला तरी.

मग ते १०० म्हणजे किती रुपये? यासाठी आम्ही युरोपात प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव पाहतो. कुणी किती मागतोय याला अर्थ नाही. मागायला काय, कुणी काहीही मागेल. गेल्या दोन वर्षांतल्या झालेल्या विक्रींतून सर्वांत वरची एक काढून टाकतो, कारण लिलावात दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की भाव वस्तूचा राहत नाही. उरलेल्यांची सरासरी, त्या दिवसाच्या दराने रुपयांत. त्यातून पाठवणीचा आणि विम्याचा खर्च वजा. हा कागद आम्ही तुमच्यासमोर मांडतो, हातात देतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. नार्डी आणि मोमो या दोन्ही नावांची स्टेअरिंग आजही नवी मिळतात, जुन्या नमुन्यांची सुद्धा. त्यामुळे काळ सिद्ध न होणाऱ्या जुन्या स्टेअरिंगला नव्याच्या किमतीपलीकडे कुणी फारसं जात नाही. काळ सिद्ध झाला की मात्र गणित बदलतं. मोमोच्या मागच्या बाजूला आऱ्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. नकली मालही या दोन नावांचाच सर्वाधिक आहे: अक्षरं ठोकलेली न दिसता छापलेली दिसतात, चामडं प्लॅस्टिकसारखं वाजतं, वजन हाताला फसवतं.

या ठशाने आम्हालाही एकदा धडा दिला. नाशिकचे एक गृहस्थ मोमोचं प्रोटोटिपो नावाचं मॉडेल घेऊन आले. समोरून इतकं नीट होतं की आम्ही ते अलीकडचं समजून त्या भावाने घेतलं. मागच्या बाजूला ग्रीस आणि मातीचा थर होता, तो आम्ही त्या दिवशी काढला नाही. आठवड्याने मऊ ब्रश आणि केरोसिनने साफ करताना थराखालून ‘११-७६’ उमटलं. म्हणजे १९७६ च्या नोव्हेंबरचं. आम्ही त्यांना फोन केला, नवा हिशेब पाठवला आणि फरकाची रक्कम दिली. तेव्हापासून मागची बाजू साफ करणं हे आमचं काम आहे, आणि ते तुमच्यासमोर करतो. आकडा त्यानंतरच तोंडातून निघतो.

आठवणीची किंमत

बरेच जण फियाटचं किंवा मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचं स्टेअरिंग घेऊन येतात. या स्पोर्ट्स कार नव्हेत आणि त्यांना फार भाव येत नाही. वडिलांनी याच स्टेअरिंगवर शिकवलं, असं कुणी सांगितलं की आम्ही ते विकू नका असंच म्हणतो. हवं तर साफ करून, भेगा भरून परत देतो. ते काम आम्हाला मनापासून आवडतं.

व्यवहार

आम्ही रोखीने विकत घेतलं तर अपेक्षित विक्रीच्या ६५ टक्के त्याच दिवशी देतो, कारण पुढची जोखीम आमची. तुम्ही विक्रीसाठी ठेवायला दिलंत तर विकल्यावर १५ टक्के आमचे, बाकी तुमचे. मात्र यात सहा महिनेही लागू शकतात. घाई नसेल तर दुसरा मार्ग घ्या, तो तुमच्या फायद्याचा आहे. तोंडी अंदाजाला पैसे घेत नाही. लेखी मूल्यांकन हवं असेल, वाटणीसाठी किंवा विम्यासाठी, तर १,५०० रुपये.

बाहेरगावचे असाल तर आधी फोटो पाठवा. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता: समोरून एक, मागून एक, प्रत्येक आरा कड्याला मिळतो तिथला जवळून एक, आणि भोकांवर पट्टी ठेवून एक. गाडी कोणती होती, कुणाची होती, तिचा एखादा जुना फोटो किंवा आरसी बुकाची झेरॉक्स असेल तर तीही जोडा. घरच्या गाडीपाशी आजोबा उभे आहेत आणि काचेतून स्टेअरिंग दिसतंय, अशा एका फोटोने काळ सिद्ध होतो.

कुरियरने पाठवताना कड्याला आधी सुती कापड गुंडाळा, मग बबलचं वेष्टण. प्लॅस्टिक थेट लाकडावर नको, वाफ धरते. खोक्यात ते आडवं ठेवा आणि मधल्या बॉसखाली घडी केलेला टॉवेल द्या, म्हणजे वरून दाब आला तरी भार आऱ्यांवर येणार नाही. हॉर्नचं बटण वेगळ्या डबीत, आणि डबी त्याच खोक्यात.