लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये बाखचं ‘मॅथ्यू पॅशन’: तिकीट काढण्याआधी

पुढची रांग मागू नका. इथे तिला अर्थ नाही. जर्मन संगीतकार बाखच्या या पॅशनचे, म्हणजे येशूच्या छळाच्या आणि मृत्यूच्या संगीतबद्ध कथेचे, गायक-वादक वेदीपाशी नसतात, पश्चिमेच्या सज्जात असतात. खाली बाकावर बसलात की ते तुमच्या पाठीमागे. त्यामुळे आसनांच्या नकाशावर बऱ्याच जागांपुढे ‘दिसत नाही’ अशी खूण असते. आमच्या मते त्या जागा बिनधास्त घ्याव्यात. ज्यांना वाजवणाऱ्यांचे हात बघायचे आहेत, त्यांनी बुकिंगच्या वेळीच सांगावं.

दुसरी चूक, कुठली रचना आहे ते न बघण्याची. गुड फ्रायडेच्या आसपास इथे ‘मॅथ्यू’ आणि ‘जॉन’ ही बाखची दोन पॅशन्स सहसा आलटून पालटून होतात. ‘जॉन’ दोन तासांत आटोपतं, ‘मॅथ्यू’ला पावणेतीन लागतात. तिकिटावरचं नाव वाचा, रात्रीची गाडी त्याप्रमाणे ठरवा.

जर्मन येत नसेल तरी चालेल. आदल्या दिवशी मराठी बायबलमधले मत्तयचे (म्हणजे मॅथ्यूचे) 26 आणि 27 हे अध्याय वाचा. 141 वचनं, अर्धा तास. कथा त्याच क्रमाने गायली जाते. निवेदन टेनर म्हणजे उंच पुरुषी आवाजात, साथीला फक्त ऑर्गन आणि चेलोसारखी खर्जाची वाद्यं. येशूचे शब्द मात्र बेस म्हणजे खर्जातल्या पुरुषी आवाजात, आणि मागे व्हायोलिनांचे लांब, धरून ठेवलेले सूर. ते सूर एकदाच थांबतात, क्रुसावरच्या येशूच्या ‘एली, एली’ (माझ्या देवा, माझ्या देवा) या हाकेला. दोन तास कानात असलेलं काहीतरी अचानक नाहीसं होतं. नेमकी तेव्हाच कार्यक्रमपत्रिकेची पानं चाळू नका.

गायकवृंद दोन आणि वाद्यमेळही दोन आहेत. सुरुवातीलाच एक वृंद ‘पाहा’ म्हणतो, दुसरा ‘कुणाला?’ विचारतो. पुढे शिष्य ‘प्रभू, तो मी तर नाही ना?’ असं विचारतात. हा प्रश्न मोजून अकरा वेळा येतो, कारण बारावा शिष्य म्हणजे विश्वासघात करणारा यहूदा. पेत्र या शिष्याने येशूला ओळखत असल्याचं तिसऱ्यांदा नाकारल्यावर कोंबडा आरवतो आणि एकट्या व्हायोलिनवर एक सुरावट सुरू होते, तीच मग अल्टो (खालच्या पट्टीची) गायिका उचलते. इथे ‘वा!’ तोंडाशी येईल. आवरा, मधे दाद द्यायची पद्धत नाही, मांडीवर तालही नको. येशूऐवजी कैदी बरब्बाला सोडा, असं सांगणारा ‘बरब्बा!’ हा वृंदाचा एकाच शब्दाचा घाव येतो तेव्हा दचकायला हरकत नाही.

दगडी इमारत एप्रिलमध्येही गार असते. जाड मोजे घाला, लाकडी बाकावर घडी करून ठेवायला शाल न्या. फोन पूर्ण बंद ठेवा, कारण बाकावर त्याची थरथरही ऐकू जाते. खोकल्याच्या गोळ्यांचे कागद घरीच काढा, खडीसाखर उत्तम.

शेवटच्या स्वरमेळात वरचा एक स्वर क्षणभर खटकून मग जागी बसतो. ती चूक नव्हे, बाखने तसंच लिहिलंय. तो बसेपर्यंत टाळी वाजवू नका, आणि पत्रिकेत टाळ्या नकोत असं छापलं असेल तर नंतरही.